सायकल, नारळबाग, ऑटोरिक्षा: तमिळ मानिल काँग्रेसचा प्रवास

२०१९च्या लोकसभा निवडणुकीत तंजावर मतदारसंघाच्या मतदानयंत्रावर तमिळ मानिल काँग्रेसच्या उमेदवाराच्या नावापुढे ऑटोरिक्षाचे चित्र होते. पक्षाची ओळख सायकलची, पण सायकल मिळाली नाही. अण्णाद्रमुक-भाजप आघाडीने या पक्षाला साऱ्या राज्यात तंजावरची एकच जागा सोडली होती, आणि एकाच जागेवर लढणाऱ्या, मान्यता नसलेल्या पक्षाला नियमाप्रमाणे हक्काने चिन्ह मागता येत नव्हते. उमेदवार एन. आर. नटराजन द्रमुकच्या एस. एस. पळनीमाणिक्कम यांच्याकडून साडेतीन लाखांहून अधिक मतांनी हरले. तेवीस वर्षांपूर्वी, १९९६ साली, याच पक्षाने लोकसभेच्या वीस जागा लढवून वीसही जिंकल्या होत्या, आणि विधानसभेच्या चाळीसपैकी एकोणचाळीस.

वीस खासदारांवरून एका ऑटोरिक्षापर्यंतची ही घसरण फंदफितुरी, घराणेशाही आणि जागावाटपाच्या हिशेबाने सांगितली जाते. ते सांगणे खोटे नाही, पण तेवढ्याने भागत नाही. तमाका (तमिळनाडूत या पक्षाला याच आद्याक्षरांनी ओळखतात) हा पक्ष कोणाला नाही म्हणायचे एवढ्या एका गोष्टीवर उभा राहिला. त्याने होय काय म्हणायचे, हे आयुष्यात एकदाच ठरवले, ते १९९९ साली. ते पेलले नाही आणि त्याची आठवणही आज त्या पक्षात कोणी काढत नाही. माझ्या मते या पक्षाचा खरा इतिहास त्या एका वर्षात आहे.

मराठी वाचकाला तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे, सरफोजी आणि सरस्वती महाल आठवतो. त्या राजवाड्यापासून कुंभकोणमच्या दिशेने निघाले की कावेरीच्या काठाने भातखाचरे लागतात आणि पापनाशमजवळ कपिस्थलम हे गाव येते. (हे पापनाशम तंजावर जिल्ह्यातले, तिरुनेलवेलीकडच्या धरणाचे पापनाशम वेगळे.) गजेंद्र वरदराज पेरुमाळचे जुने देऊळ असलेल्या या गावात १९३१ साली जी. करुप्पैया मूपनार जन्मले. घराणे जमीनदारांचे. पूंडीचे वांडैयार आणि कपिस्थलमचे मूपनार अशा घराण्यांकडे शेकडो एकर भातशेती होती आणि दोन्ही घराणी काँग्रेसची. पूंडीचे तुलसी अय्या वांडैयार १९९१ साली तंजावरचे खासदार झाले. सिंचनाची जुनी व्यवस्था, मोठे जमीनदार आणि त्यांच्या शेतावर राबणारे दलित मजूर, असा हा प्रदेश. त्यातूनच पूर्व तंजावरात कम्युनिस्टांच्या शेतमजूर संघटना वाढल्या, आणि त्यातूनच २५ डिसेंबर १९६८च्या रात्री किळवेण्मणीला एका झोपडीत कोंडून ४४ दलितांना जाळण्यात आले. मरणाऱ्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. मजुरीचा वाद आणि जमीनदारांची संघटना हे त्यामागचे कारण. ही घटना इथे सांगितली, कारण पुढे मूपनारांनी काय केले याचे वजन त्याशिवाय कळत नाही.

तमिळनाडूत काँग्रेस १९६७ साली सत्तेवरून गेली ती परतलीच नाही. खुद्द कामराज विरुदुनगरला द्रमुकच्या एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले. १९६९च्या फुटीत कामराज संघटना काँग्रेसमध्ये राहिले आणि तमिळ काँग्रेसजनांचा मोठा भाग त्यांच्यामागे गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात, कामराज वारले. पुढच्याच वर्षी मूपनारांच्या पुढाकाराने संघटना काँग्रेसचा मोठा गट इंदिराजींच्या काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि मूपनार प्रदेशाध्यक्ष झाले. म्हणजे त्यांच्या राजकारणातला पहिला मोठा निर्णय विलीनीकरणाचा होता. बाहेर पडणे आणि परत आत येणे ही तमिळ काँग्रेसजनांची तेव्हापासूनची चाल आहे.

काँग्रेसमधून फुटलेल्यांची त्या राज्यातली यादी लांब आहे. राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. कुमरी अनंतन यांनी कामराज आणि गांधींच्या नावाने पक्ष काढला. वाळप्पाडी राममूर्तींनी राजीव गांधींच्या नावाने काढला आणि १९९८ साली सेलमची जागा जिंकली. यातले मराठी माणसाला ओळखीचे नाव म्हणजे शिवाजी गणेशन. अण्णादुरैंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यावर ज्यांना शिवाजी हे नाव मिळाले, ते नट काँग्रेसमधून बाहेर पडून स्वतःचा पक्ष घेऊन १९८९ साली तंजावर जिल्ह्यातल्याच तिरुवैयारूमधून विधानसभेला उभे राहिले आणि द्रमुककडून हरले. लोक पडद्यावर ज्याला डोक्यावर घेतात त्याला मतपेटीत घेतीलच असे नाही, हे नटाचे मुख्यमंत्री झालेल्या एमजीआर यांच्या राज्यात शिवाजींना कळले.

१९८९ची ती निवडणूक मूपनारांसाठीही मोठी परीक्षा होती. एमजीआर गेले होते, अण्णाद्रमुक दुभंगली होती, आणि राजीव गांधींनी ठरवले की काँग्रेसने या वेळी कोणाचाही हात न धरता लढायचे. प्रदेशाध्यक्ष मूपनार यांचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी होते. ते स्वतः पापनाशममधून निवडून आले. पक्षाला जवळपास वीस टक्के मते मिळाली आणि २३४पैकी २६ जागा. हे आकडे नीट पाहावे लागतात. एकट्याने लढून वीस टक्के ही एखाद्या राज्यात लहानसहान ताकद नव्हे. पण ती मते जागांत उतरत नाहीत, आणि ती मते दुसऱ्याच्या पदरात घातली तर तो राज्य करतो. दिल्लीला या हिशेबातला दुसरा भागच दिसला. १९९१ साली अण्णाद्रमुकच्या जयललितांशी युती झाली, श्रीपेरुंबुदुरला राजीव गांधींची हत्या झाली आणि त्या लाटेत युतीने जवळपास सारे राज्य जिंकले. काँग्रेसला विधानसभेत साठ जागा मिळाल्या, सत्तेत वाटा मात्र नाही.

१९९६ येईपर्यंत जयललितांच्या सरकारविरुद्ध भ्रष्टाचाराच्या आरोपांनी राज्य पेटले होते. तरी नरसिंह रावांनी पुन्हा त्यांच्याशीच युती करायचे ठरवले. प्रदेश काँग्रेसमधल्या बहुसंख्य कार्यकर्त्यांना ते मान्य नव्हते. मार्चअखेरीस मूपनार, पी. चिदंबरम, जयंती नटराजन, पीटर अल्फॉन्स आदी बाहेर पडले आणि तमिळ मानिल काँग्रेस जन्माला आली. द्रमुकशी बोलणी जुळवण्यात 'तुघलक'चे संपादक चो रामस्वामी होते, आणि रजनीकांत उघडपणे या आघाडीच्या बाजूने उभे राहिले. चिन्ह मिळाले सायकल, आणि 'अण्णामलै' चित्रपटातल्या सायकलवरच्या रजनीकांतची चित्रे प्रचारभर फिरली. निकाल वर आलाच आहे. जयललिता स्वतः बर्गूरला पडल्या, मूळ काँग्रेसला लोकसभेत आणि विधानसभेत मिळून एकही जागा मिळाली नाही. तमाकाचे सो. बालकृष्णन विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. निवडणुकीत द्रमुकचा मित्र आणि सभागृहात विरोधी पक्ष, अशी ती विचित्र अवस्था होती. तिचा तोटा असा की सरकारच्या विरोधात बोलायचे तर युतीधर्म आडवा यायचा.

दिल्लीत मात्र पक्ष मोठा झाला. देवेगौडांच्या संयुक्त आघाडी सरकारात चिदंबरम अर्थमंत्री झाले, आणि १९९७चा तो गाजलेला अर्थसंकल्प मांडणारे अर्थमंत्री अकरा महिन्यांच्या एका प्रादेशिक पक्षाचे होते. त्याच वसंतात काँग्रेसने देवेगौडांचा पाठिंबा काढला तेव्हा पंतप्रधानपदासाठी मूपनारांचे नाव चर्चेत आले. ते टिकले नाही. एप्रिलच्या २१ तारखेला गुजराल यांचा शपथविधी झाला, तमाका काही दिवस बाहेर राहिली आणि मग सरकारात परतली. तंजावरच्या गावकऱ्यांना आजही वाटते की त्यांच्या माणसाच्या हातून देशाचे सर्वोच्च कार्यकारी पद तेव्हा निसटले.

१९९८ला वारे फिरले. जयललितांनी भाजपला सोबत घेऊन ३९पैकी ३० जागा जिंकल्या आणि तमाकाला तीन मिळाल्या. पुढच्या वर्षी जयललितांनी वाजपेयी सरकार पाडले, आणि रिकाम्या झालेल्या जागी द्रमुक भाजपबरोबर जाऊन बसली. मूपनारांपुढे तीन वाटा होत्या. द्रमुकच्या मागे भाजपच्या आघाडीत जायचे, काँग्रेसबरोबर जयललितांच्या आघाडीत जायचे, नाहीतर एकटे राहायचे. त्यांनी तिसरी घेतली, पण एकटे मात्र राहिले नाहीत. त्यांनी डॉ. के. कृष्णस्वामी यांची पुदिय तमिळगम आणि तोल. तिरुमावळवन यांची विडुतलै चिरुत्तैगळ या दोन दलित पक्षांना बरोबर घेतले.

याचा अर्थ मोठा होता. कृष्णस्वामींचा आधार दक्षिणेकडच्या देवेंद्रकुल वेळाळांत होता, तिरुमावळवन यांचा उत्तरेकडच्या परैयर समाजात. तिरुमावळवन यांची संघटना तोवर निवडणुकांवर बहिष्कार घालत आलेली होती. तिने पहिल्यांदा मतपेटीचा रस्ता धरला तो मूपनारांच्या हाताला धरून. तंजावरच्या खोऱ्यातल्या जमीनदार घराण्यातला, मध्यम जातींच्या मतांवर वाढलेला पक्षनेता, चेरीतल्या, म्हणजे दलितवस्तीतल्या, लोकांना आपल्या आघाडीचे बरोबरीचे भागीदार म्हणून मंचावर बसवतो, ही गोष्ट किळवेण्मणीच्या जिल्ह्यात तीस वर्षांनी घडत होती. मतांचे गणित त्यात होतेच, कोणत्या युतीत नसते? पण हिशेबच करायचा असता तर दोन्ही बाजूंना मोठी दारे उघडी होती. त्याच जुलैत तिरुनेलवेलीला मांजोलै चहामळ्यातल्या मजुरांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठीहल्ला केला आणि ताम्रपर्णी नदीच्या काठी सतरा माणसे मेली. दलितांच्या प्रश्नाकडे द्रमुक सरकार कसे पाहते, याचा पुरावा राज्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिला. अशा काळात ही आघाडी उभी राहिली.

मतदानाच्या दिवशी, तिरुमावळवन उभे होते त्या चिदंबरम मतदारसंघात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, झोपड्या जाळल्या गेल्या, अनेकांना मतदानकेंद्रापर्यंत जाता आले नाही. तरीही तिरुमावळवन यांना सव्वादोन लाखांच्या आसपास मते मिळाली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पाट्टाळी मक्कळ कट्चीचे ई. पोन्नुस्वामी निवडून आले. तमाकाला मात्र राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि जागा एकही नाही. पक्षाच्या नेहमीच्या मतदारांपैकी पुष्कळांनी दलित उमेदवारांना मत देण्यापेक्षा दुसरीकडे जाणे पसंत केले असावे, असा माझा निष्कर्ष आहे. पक्षातल्या मंडळींनीही तोच काढला असणार, पण त्यावरून त्यांनी जे केले ते चुकीचे होते. त्यांनी युतीला दोष दिला आणि मतदाराला सोडून दिले.

२००१ साली मूपनारांनी काँग्रेसबरोबर जयललितांची आघाडी गाठली. ज्या बाईंना नाही म्हणण्यासाठी पक्ष जन्माला आला होता, त्यांच्याच आघाडीत तो पाच वर्षांत जाऊन बसला. कारण दिले गेले ते भाजपला रोखण्याचे, आणि त्या वेळी द्रमुक भाजपबरोबर होती हे खरेच आहे. पण त्याच आघाडीत चिदंबरमला तिरुमावळवन यांना हरवणारी पाट्टाळी मक्कळ कट्चीही होती, तिथे चिरुत्तैगळ पक्षाला जागा कशी असणार? तिरुमावळवन द्रमुककडे गेले. पी. चिदंबरम यांनी जयललितांशी हातमिळवणी अमान्य करून काँग्रेस जननायक पेरवै काढली. तमाकाने बत्तीसपैकी तेवीस जागा जिंकल्या आणि मग लगेच, ३० ऑगस्ट २००१ रोजी, मूपनार वारले. संख्येने पाहिले तर ते पक्षाला बऱ्या स्थितीत सोडून गेले. पक्ष कशासाठी आहे, याचे उत्तर मात्र मागे राहिले नव्हते.

त्यांचे चिरंजीव जी. के. वासन यांनी वर्षभरात पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. ऑगस्ट २००२मध्ये मदुराईला सोनिया गांधींच्या उपस्थितीत हा समारंभ झाला. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात १९८६चे औरंगाबाद आठवेल, जिथे शरद पवारांनी राजीव गांधींच्या उपस्थितीत समाजवादी काँग्रेस मूळ पक्षात आणली. तुलना इथे थोडी पुढे न्यायला हवी. पवार १९९९ला पुन्हा बाहेर पडले आणि राष्ट्रवादी काँग्रेसने त्याच वर्षी विधानसभेत ५८ जागा जिंकल्या. ती टिकली कारण तिच्यापाशी साखर कारखाने होते, जिल्हा बँका होत्या, जिल्हा परिषदा होत्या. फुटलेला कार्यकर्ता उपाशी राहत नव्हता. तमिळनाडूत १९६७नंतर सत्तेच्या या खालच्या पायऱ्या द्रविड पक्षांकडे गेल्या. कपिस्थलमच्या घराण्याकडे शेती होती, मान होता, ओळखी होत्या; गावोगावच्या कार्यकर्त्याला वर्षभर बांधून ठेवील असे काही नव्हते. म्हणून तमाकाला निवडणुकीगणिक कोणाच्या तरी आघाडीत राहावेच लागे.

घराण्याच्या त्या मानाचे एक रूप दरवर्षी तिरुवैयारूला दिसते. पौषातल्या वद्य पंचमीला कावेरीच्या काठी त्यागराजस्वामींच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगा करून जमिनीवर बसतात आणि पाच घनराग पंचरत्न कीर्तने एकसुरात गातात. त्यागराज तंजावरच्या मराठी राजांच्या काळातले, १८४७ला वारले, म्हणजे आपल्या भोसल्यांचे राज्य खालसा होण्याच्या थोडे आधी. उत्सव भरवणाऱ्या श्री त्यागब्रह्म महोत्सव सभेचे अध्यक्षपद मूपनारांकडे होते आणि पुढे वासन यांच्याकडे आले. देशभरचे मोठे गवई तिथे मांडी घालून बसतात आणि स्वागताला हे घराणे उभे राहते. तंजावरच्या माणसाच्या मनात मूपनार घराण्याची जी जागा आहे ती त्या मांडवात कळते. पण त्या मांडवात बसलेल्या माणसाचे मत कोणाला, हे विचारले तर उत्तर फार काळ द्रमुकच राहिले आहे. द्रमुकचे करुणानिधी १९६२ साली विधानसभेवर निवडून आले ते तंजावर शहरातूनच.

वासन काँग्रेसमध्ये राज्यसभा, प्रदेशाध्यक्षपद, मग २००९पासून जहाजबांधणी मंत्रिपद असे चढत गेले. २०१४ला काँग्रेस तमिळनाडूत एकट्याने लढून शून्यावर आली. त्यानंतर ठिणगी पडली ती सदस्यत्वाच्या कार्डावरून. प्रदेश काँग्रेसच्या कार्डावर कामराज आणि मूपनार यांची छायाचित्रे असत. ती काढा, असा दिल्लीचा निरोप आल्याचे प्रदेशाध्यक्ष बी. एस. ज्ञानदेशिकन यांनी सांगितले आणि ऑक्टोबरअखेर राजीनामा दिला. तेव्हा राज्याचे प्रभारी सरचिटणीस होते आपल्याकडचे मुकुल वासनिक. हा रुसवा छोटा नव्हता. ज्या कार्यकर्त्याच्या गावात काँग्रेस म्हणजे कामराज, त्याच्या खिशातल्या कार्डावरून तो चेहरा काढणे म्हणजे त्याला गावात उत्तर द्यायला लावणे. २८ नोव्हेंबर २०१४ रोजी तिरुचिरापल्लीच्या मैदानावर वासन यांनी तमिळ मानिल काँग्रेस पुन्हा सुरू केली, या वेळी नावाला मूपनार जोडून.

वेळ मात्र निघून गेली होती. २००२च्या विलीनीकरणाबरोबर मान्यता गेली होती आणि सायकलवरचा हक्कही गेला होता. २०१६ला पक्ष विजयकांत, वायको, डावे आणि तिरुमावळवन यांच्याबरोबर तिसऱ्या आघाडीत लढला. सव्वीस जागा होत्या, चिन्ह नारळबाग. १९९९चे जुने भागीदार पुन्हा एका मंचावर आले होते आणि मला तेव्हा आशा वाटली होती, पण या वेळी आघाडीला जोडणारे काही नव्हते. विजयकांत यांना मुख्यमंत्री करायचे एवढेच. साऱ्या आघाडीला एकही जागा मिळाली नाही. २०१९ची कथा वर आली. २०२०ला अण्णाद्रमुकच्या पाठिंब्यावर वासन राज्यसभेत गेले. २०२१ला विधानसभेच्या सहा जागा मिळाल्या, त्यांत तंजावर जिल्ह्यातली पट्टुक्कोट्टै एक. सहाही उमेदवार अण्णाद्रमुकच्या दोन पानांच्या चिन्हावर लढले, म्हणजे निवडून आले असते तरी कायद्याने अण्णाद्रमुकचे आमदार झाले असते. सहाही हरले. २०२४ला पक्ष भाजपबरोबर गेला, ईरोड, श्रीपेरुंबुदुर आणि तूत्तुक्कुडी अशा तीन जागा लढवल्या, सायकल परत मिळाली. तिन्ही ठिकाणी पराभव झाला, आणि तंजावरची जागा भाजपने स्वतःकडे ठेवली होती.

श्रीपेरुंबुदुर या नावापाशी मी थांबतो. राजीव गांधी जिथे गेले त्या गावाच्या मतदारसंघात, राजीव गांधींचे विश्वासू सरचिटणीस राहिलेल्या मूपनारांचा पक्ष भाजपचा मित्र म्हणून उभा होता. १९९९ला मूपनारांनी ज्या पक्षाच्या आघाडीत पाऊल ठेवायला नकार दिला, तोच हा. राजकारणात मित्र बदलतात, त्याचे मला काही वाटत नाही. पण मूपनारांचे नाव पाटीवर लावायचे आणि त्यांचा सर्वांत महाग पडलेला निर्णय विसरायचा, हे मला पटत नाही. त्या निर्णयासाठी त्यांनी साऱ्या जागा गमावल्या होत्या.

त्या आघाडीतला धाकटा भागीदार पुढे कुठे गेला तेही पाहायला हवे. तिरुमावळवन २००९ला चिदंबरममधून लोकसभेत पोहोचले, २०१९ला अवघ्या तीन हजार दोनशेच्या आसपास मतांनी तीच जागा जिंकली आणि २०२४ला पुन्हा. त्या निवडणुकीत विळुप्पुरमची जागाही त्यांच्या पक्षाने जिंकली. २०२१ला विधानसभेत त्यांचे चार आमदार गेले. तेही युत्या करत, कधी द्रमुकच्या उगवत्या सूर्यावर लढत इथवर आले. पण जो समाज घेऊन निघाले तो त्यांनी बदलला नाही. जानेवारी २०२५मध्ये निवडणूक आयोगाने विडुतलै चिरुत्तैगळ कट्चीला राज्य पक्ष म्हणून मान्यता दिली आणि मडके हे चिन्ह त्यांच्या नावावर राखून ठेवले.